चिठ्ठी न मागणारं दुकान

"पेशंटचं नाव काय म्हणालात?"

फोनवरच्या मुलीने दुसऱ्यांदा विचारलं तशी इंदूबाई उपकेंद्राच्या ओट्यावरून उठली आणि कडुलिंबाच्या मागे गेली. ओट्यावर बाकीच्या आशाताई बसल्या होत्या. फवारणीची बैठक सुरू व्हायची होती.

"नाव कायले पाह्यजे? गोळीचं नाव देल्लं ना मी."

"मॅडम, ही गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देता येत नाही. तुम्ही फोटो पाठवलाय ती चिठ्ठी फार जुनी आहे, वरचं नावही वाचता येत नाही. नवीन पाठवा. आमचे फार्मासिस्ट ती तपासतील, पेशंटशी एकदा बोलतील, मग पार्सल निघेल."

"पेशंटशी कायले बोलाचं?"

"नियम आहे मॅडम. ही गोळी रोज घ्यायची असते, डोस बघावा लागतो."

इंदूबाईने फोन कापला. आज नाव विचारते, उद्या गाव विचारन, परवा कोणाला तरी सांगन, असं तिच्या मनात आलं. ती परत ओट्यावर येऊन बसली आणि बैठकीला आलेले साहेब सांगत होते ते ऐकू लागली. फवारणारा उपाशी नसावा. तोंडाला फडकं असावं. बिनबिलाचं औषध कोणी घेऊ नये.

बोंडअळीने सगळ्या मुलखाची कपाशीची पऱ्हाटी आतून पोखरली त्याच्या पुढचं ते साल होतं. आदल्या पावसाळ्यात फवारता फवारता माणसं गेली होती, कित्येकांचे डोळे गेले होते. त्यामुळे आता आशाताईंना सुट्टी नव्हती. इंदूबाई आपल्या गावी, बोरी अरबात, दारोदार फिरून तेच सांगायची. तिचं सांगणं गाव ऐकायचं. कोणत्या सुनेचे दिवस भरत आले, कोणाचं लेकरू लसीचं राहिलं, कोण खोकतो आणि लपवतो, हे तिला ठाऊक असायचं. क्षयाचा रोगी गोळ्या टाळायला लागला की ती त्याच्यासमोर उभी राहायची. "लाजाचं काय त्याच्यात? बिमारी हाये, चोरी नाई केली तू," असं म्हणायची आणि गोळी गिळून तोंड उघडून दाखवल्याशिवाय हलायची नाही.

आणि तिच्या स्वतःच्या लेकीला फिट यायची, हे त्या गावात एकाही माणसाला माहीत नव्हतं.

मोनालीला पहिली फिट शाळकरी वयात आली. नशिबाने ती तेव्हा घरातच होती. इंदूबाईने तिला यवतमाळला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी शांतपणे समजावलं होतं, "गोळी एक दिवसही चुकवायची नाही. गोळी चालू राहिली तर पोरगी शिकेल, लग्न करेल, लेकरंबाळं होतील. यात लपवण्यासारखं काही नाही." इंदूबाईने मान हलवली होती. त्यातलं शेवटचं वाक्य सोडून बाकी सगळं तिने मनावर घेतलं.

बोरीच्या मेडिकलवाल्याचं दुकान बसथांब्यासमोर होतं. तिथून काही घेतलं की गावाला कळायचं. म्हणून ती दर महिन्याला यवतमाळला जायची, ओळखीचं कोणी नसलेल्या दुकानातून गोळ्या घ्यायची, स्ट्रिपच्या पानातून एक एक काढून कॅल्शियमच्या रिकाम्या डबीत भरायची. मोनाली त्या गोळ्यांवर बारावी झाली, शिवणकाम शिकली. वर्षानुवर्षं फिट आली नाही. इतकी वर्षं, की कधी कधी इंदूबाईलाच वाटायचं, आजार असा काही नव्हताच.

मग ढाणकीचं स्थळ आलं. राजदीप. कृषी केंद्रात कामाला, आवाज खाली ठेवून बोलणारा. घरी फक्त आई, लीलाबाई.

"सांगून टाकू वं," भीमराज म्हणाला. इंदूबाईचा नवरा दारव्ह्याच्या जिनिंगमध्ये कामाला होता आणि घरात क्वचितच मत द्यायचा. "पोरगा समजदार वाटते."

"समजदार हाये म्हनूनच नाई सांगाचं. समजदार मानूस पहिले सुटते."

"मंग कधी सांगाचं?"

"लगन झाल्यावर पाहू."

बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीसमोर लग्न लागलं. मोनालीच्या पेटीत साड्यांखाली कॅल्शियमची डबी गेली. महिना झाल्यावर इंदूबाई यवतमाळहून गोळ्या घेऊन, एस.टी. बदलत बदलत ढाणकीला गेली. मोनाली तिला परसात घेऊन गेली आणि म्हणाली, "आई, मी सांगू का यायले? मानूस चांगला हाये वं. मले लपून गोळी खावाची चांगलं नाई वाटत."

"थांब जरासक. एक लेकरू होऊ दे. मंग कोनी काई करू शकत नाई."

मोनालीने तोंड फिरवलं. पण तिने ऐकलं. लहानपणापासून आजाराच्या बाबतीत ती आईचंच ऐकत आली होती.

असे काही महिने गेले. मग एकदा चहा देताना लीलाबाई हसत म्हणाली, "इहीनबाई, तुमी दर महिन्याले येता. पोरगी आमच्या घरी उपाशी राह्यते का काय?"

ती गंमत होती. पण इंदूबाईला चहा गोड लागला नाही. त्यात पावसाळा आला, फवारणी सुरू झाली, सुट्टी मिळेना. तेव्हा मोनालीनेच सुचवलं, आजकाल गोळ्या फोनवर मागवता येतात, घरपोच येतात. इंदूबाईने एका मोठ्या दुकानात विचारून पाहिलं. तिथल्या मुलीने चिठ्ठी मागितली, नाव मागितलं, पेशंटशी बोलायचं म्हणाली.

नवी चिठ्ठी आणायला मोनालीला यवतमाळच्या डॉक्टरकडे न्यावं लागलं असतं. ढाणकीहून तिला कोणत्या निमित्ताने बाहेर काढायचं?

दोन-तीन दिवसांनी तिच्या फोनवर एक जाहिरात आली. कोणत्या तरी गटातून फिरत आली होती. गळ्यात स्टेथोस्कोप अडकवलेल्या एका हसऱ्या डॉक्टरचं चित्र होतं आणि खाली मराठीत लिहिलं होतं: चिठ्ठीची गरज नाही. तुमचं नाव गुप्त राहील. पाकिटावर औषधाचं नाव नसेल. खाली एक फोन नंबर. दुकानाचं नाव होतं, पत्ता नव्हता.

इंदूबाईने त्या नंबरवर गोळीचं नाव लिहून पाठवलं. लगेच उत्तर आलं. पत्ता पाठवा. एवढंच. कोण खातं, किती दिवसांपासून खातं, डॉक्टर कोण, काही नाही. तिला हायसं वाटलं. ज्या दुकानाने विचारलं होतं त्याची तिला भीती वाटली होती. ज्याने काहीच विचारलं नाही त्याच्यावर तिने भरवसा ठेवला.

पहिलं पार्सल ढाणकीला पोचलं. मोनालीने सासूला सांगितलं, चेहऱ्याची क्रीम आहे. लीलाबाई म्हणाली, "मलेबी दाखवजो, सुरकुत्या जाते का त्यानं." दोघी हसल्या. मोनालीने ते आईला फोनवर सांगितलं तेव्हा इंदूबाईही हसली. दर महिन्याचा प्रवास सुटला म्हणून तिने त्या अनोळखी दुकानाला मनोमन दुवाही दिली.

दुसरं पार्सल आलं आणि काही दिवसांनी मोनालीचा फोन आला. इंदूबाई तेव्हा एका घरी होती. तिथला माणूस फवारून आला होता, ओकत होता, आणि घरचे त्याला दवाखान्यात न्यायला तयार नव्हते. ती त्यांच्यावर ओरडत होती. फोन तिने खांद्यावर दाबून धरला.

"आई, या बारच्या गोळ्या वेगळ्या दिसून राह्यल्या. पानातून काढली का चुरा होते."

"कंपनी बदलली असन."

"अन् मले सकाळी उठल्यावर कसंतरीच होते. हाताले झटका बसल्यासारखं. परवा कप सुटला हातातून."

"झोप नसन झाली तुही. रोज खातं ना?"

"खातो ना. एकबी नाई चुकवली. आई, मी यायले दाखवू का पान? हे औषधाच्याच दुकानात राह्यते, त्यायले समजते थोडंफार..."

"पागल झाली का? कपाशीचं औषध वेगळं अन् हे वेगळं. खाय गुपचूप. मी महिन्याच्या शेवटाले येतो, मंग पाहू."

इंदूबाईने फोन ठेवला आणि त्या घरच्यांना पुन्हा दम भरला, "मानूस मरन तुमचा. कोनाले काय वाटन हे कायले पाहून राह्यले?" शेवटी त्यांनी त्याला दवाखान्यात नेलं. तो वाचला. त्याची बायको पुढे कित्येक दिवस इंदूबाईचे पाय धरायची.

महिनाअखेर यायच्या आत राजदीपचा फोन आला. सकाळची वेळ होती, इंदूबाई वजनाचा काटा घेऊन अंगणवाडीत निघाली होती.

"मामी, मोनाली भाजली. आमी यवतमाळले घेऊन चाल्लो. तुमी तिकडेच या."

पोळ्याचा सण होता. मोनाली चुलीवर भजी तळायला बसली होती. लीलाबाई बाहेर बैल सजत होते ते बघत होती. आतून भांडं पडल्याचा आवाज झाला आणि ती धावली, तेव्हा मोनाली चुलीपाशी आडवी पडून हातपाय झाडत होती. तेलाची कढई तिच्या डाव्या हातावर आणि मानेवर कलंडली होती. लीलाबाईने हाताने कढई लोटली आणि सुनेला ओढून बाहेर काढलं. तिचेही दोन्ही तळवे पोळले.

दवाखान्यात मोनाली शुद्धीवर होती. मान, खांदा, हात, सगळं पांढऱ्या पट्ट्यांत. खाटेपाशी राजदीप उभा, भिंतीला टेकून लीलाबाई, तिच्याही हातांना पट्ट्या. इंदूबाई आणि भीमराज पोचले तेव्हा डॉक्टर विचारत होते, "फिट आधी कधी आली होती?"

"नाई साहेब," राजदीप म्हणाला. "तिले असं काईच नाई. पहिल्यांदाच झालं."

डॉक्टरांनी मोनालीकडे पाहिलं. मोनालीने आईकडे पाहिलं. इंदूबाईने नजर खाली घातली. तेव्हा मोनाली स्वतःच बोलली. आवाज घोगरा होता.

"सातवीपासून येते. गोळ्या चालू हाये."

"कधी चुकल्या?"

"एकबी दिवस नाई."

डॉक्टरांनी गोळीचं नाव विचारलं, रक्त तपासायला पाठवलं. संध्याकाळी कागद आला तेव्हा त्यांनी पुन्हा तेच विचारलं, आणि मोनालीने पुन्हा तेच सांगितलं.

"रक्तात तर औषधाचा पत्ताच नाही," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही गोळ्या आणता कुठून?"

राजदीप अजून 'गोळ्या चालू हाये' यावरच अडकला होता. "कोनत्या गोळ्या?" तो म्हणाला. तो बायकोला विचारत होता, पण बायकोच्या आईकडे बघत होता. "कोनत्या गोळ्या, मामी?"

तो ढाणकीला जाऊन आला आणि येताना मोनालीच्या पेटीतलं उरलेलं पान घेऊन आला. दवाखान्याच्या खिडकीत उजेडाला धरून त्याने ते उलटसुलट करून पाहिलं. अंगठ्याने घासलं. तारखेची शाई अंगठ्याला लागली.

"आमच्या दुकानात चोर-बियान्याचे बोगस पाकिटं घेऊन येते लोकं, अशेच," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि ते ऐकायला जास्त जड होतं. "नाव मोठ्या कंपनीचं. खाली कंपनीचा पत्ता नाई, अक्षरं वाकडे. मले एकदा दाखवलं असतं मामी. एकदा." त्याने पान तिच्या हातात दिलं. "मीच आनून देल्ल्या असत्या. उमरखेडले चांगलं दुकान हाये, ओळखीचं. महिन्याच्या महिन्याले आनल्या असत्या."

इंदूबाई त्यानंतर किती तरी दिवस ते वाक्य मनात उलटंपालटं करत राहिली. कधी तिला वाटायचं, त्याने खरंच आणल्या असत्या. मग तिला बसल्या जागेवरून उठवत नसे. कधी वाटायचं, आता काय, आता कोणीही म्हणेल. मग जरा बरं वाटायचं, आणि बरं वाटल्याचीच तिला शिसारी यायची.

जाहिरातीतला नंबर बंद होता. ती ते पान घेऊन औषध खात्याच्या कार्यालयात गेली. तिथला माणूस सभ्य होता. त्याने खुर्ची दिली, पाणी दिलं, पान ठेवून घेतलं. बिल विचारलं. बिल नव्हतं. पार्सलचं पाकीट विचारलं. ते कोणाच्या हाती लागू नये म्हणून मोनालीने चुलीत घातलं होतं. दुकानाचा परवाना, पत्ता, फार्मासिस्टचं नाव?

"फोटो होता डॉक्टरचा," इंदूबाई म्हणाली.

"ताई, तुम्ही तर आरोग्याचं काम करता," तो म्हणाला. टोचायचं म्हणून नाही, त्याला खरंच नवल वाटलं होतं. "चिठ्ठी मागत नाही तिथून घ्यायचंच नाही, हे तुम्हीच लोकांना सांगायचं."

"हो साहेब," ती म्हणाली आणि पदर सावरून उठली. शिव्या द्यायला समोर कोणी तरी असावं लागतं. तिने कार्यालयाच्या पायऱ्या उतरताना शोधून पाहिलं. एक बंद नंबर होता आणि ती स्वतः होती.

दवाखान्यातून सुटल्यावर मोनालीला बोरीलाच आणलं. ढाणकीहून "घेऊन या" असा निरोप आला नाही. राजदीप एकदा आला, ओट्यावर बसला, चहा घेतला. मोनालीच्या डाव्या हाताची बोटं एकमेकांना ओढून आखडली होती, त्याकडे बघणं त्याने टाळलं. जाताना म्हणाला, "आईले समजावून राह्यलो मी." त्यानंतर फोन आले, मग तेही थांबले. हिवाळ्यात वेचणी सुरू झाली आणि ढाणकीहून निरोप आला: बसून काय ते मोकळं करू.

बैठक ढाणकीच्या विहारात बसली. दोन्हीकडची मोठी माणसं सतरंजीवर, बायका भिंतीशी. जय भीम झाला, ख्यालीखुशाली झाली, या वर्षी कापूस कसा लागला ते झालं. मग लीलाबाईच्या दिराने विषय काढला. फसवणूक हा शब्द त्याने पहिल्याच वाक्यात वापरला.

"पोरगी वाईट हाये असं आमी म्हनत नाई. पन तुमी आमाले फसवलं. बिमारी लपवून पोरगी देल्ली."

"मले सांगतलं असतं तं मी तिले एकटीले चुलीपाशी बसूच नसती देल्ली," लीलाबाई म्हणाली आणि आपले तळवे पुढे केले. कातडी अजून गुलाबी होती. "माह्या डोळ्यासमोर मेली असती पोरगी. जग काय म्हनलं असतं मले? सुनेले जाळलं म्हनलं असतं."

ते खरं होतं.

"गोळ्या बोगस निंगाल्या," इंदूबाई चाचरत म्हणाली. "नाई तं तिले कधी काई झालंच नसतं. इतके साल झालं नाई. आमालेबी फसवलं ना कोनीतरी..."

"ते फसवनूक वेगळी बाई," दीर म्हणाला. "अन् हे वेगळी."

भीमराजने मान वर केली, बायकोकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. आपण तेव्हाच सांगायचं म्हणालो होतो, हे तो आजवर एकदाही म्हणाला नव्हता. इंदूबाईला त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

"राजदीप, तुयं काय म्हननं हाये?" कोणीतरी विचारलं.

राजदीप सतरंजीची दशी ओढत बसला होता. तो आईकडे बघत म्हणाला, "घरचे म्हनतीन तसं."

तेव्हा मोनालीने डोक्यावरचा पदर मागे घेतला. मानेवरचा डाग सगळ्यांना दिसला. इंदूबाईने घाईने तिचा पदर ओढायला हात पुढे केला. मोनालीने तो हात बाजूला ठेवला.

"माह्या आईनं लपवलं," ती म्हणाली. "मीबी लपवलं. मी लहान नोती, मले तोंड होतं, मी सांगू शकत होती. तेवढं आमचं चुकलं. बाकी माह्यी बिमारी माह्यी चूक नाई. फारकतीच्या कागदावर काय लिहाचं ते लिहा, पन बिमारी लपवली असं लिहा. बिमारी हाये म्हनून सोडलं असं लिहू नका. माह्यासारख्या अजून पोरी असतीन गावात."

बाहेर कोणी तरी मोटरसायकल सुरू करायचा प्रयत्न करत होतं, ती सुरू होत नव्हती.

"गोळीची वेळ झाली माह्यी," मोनाली म्हणाली. "पानी भेटन का?"

लीलाबाईने मुलाकडे पाहिलं. राजदीप उठला आणि मागच्या बाजूला माठाकडे गेला. मोनालीने पिशवीतून गोळ्यांचं पान काढलं. डावी बोटं वाकत नव्हती, म्हणून तिने पान गुडघ्यावर ठेवून उजव्या अंगठ्याने दाबलं. गोळी अख्खी बाहेर आली. सगळे बघत होते आणि ती कोणापासूनही काही लपवत नव्हती. पाणी येतं का, म्हणून तिने थोडं थांबून पाहिलं. मग गोळी जिभेवर ठेवली, मान मागे केली आणि कोरडीच गिळली. घशाशी ती जराशी अडकली असावी. तिने डोळे मिटून आवंढा गिळला, पान पिशवीत ठेवलं आणि उठली. तिच्यामागे इंदूबाई उठली, मग भीमराज.

राजदीप पाणी घेऊन आला तेव्हा ती पायरीवर चपला घालत होती. ग्लास काठोकाठ भरला होता. सांडू नये म्हणून तो हळूहळू चालत आला होता. तो दारापर्यंत आला आणि तिथेच थांबला, दोन्ही हातांनी ग्लास धरून. मोनाली थांब्याच्या रस्त्याला लागली होती.